लाल केमनवरची पीपीएफ: वापरानंतरचा अनुभव

पीपीएफ, म्हणजे गाडीचा रंग वाचवायला वरून चढवायची पेंट प्रोटेक्शन फिल्म, लावून घ्यावी का असं कुणी विचारलं तर माझं उत्तर ‘हो’ आहे. पण त्याच दमात सांगतो: फिल्म कुठल्या कंपनीची याची जेवढी चौकशी कराल, त्याच्या दुप्पट चौकशी ती लावणाऱ्या माणसाची करा. माझी गाडी पोर्शे ७१८ केमन, रंग गार्ड्स रेड, मुक्काम पुणे. गेल्या उन्हाळ्यात पूर्ण बॉडीवर चकचकीत पारदर्शक फिल्म चढवून घेतली. त्यानंतर गाडीने अख्खा पावसाळा, एक्स्प्रेसवेवरच्या फेऱ्या, ताम्हिणी घाट, सातारा हायवेवरची कामं आणि उघड्या पार्किंगमधलं ऊन, सगळं काढलंय. आता बोलायला हरकत नाही.

आधी गाडीबद्दल, कारण त्याशिवाय खर्चाचा हिशोब कळत नाही. केमनचं नाक फार खाली आहे. इंजिन मधोमध, त्यामुळे मागच्या चाकांच्या पुढे दोन्ही बाजूंना हवा आत घेणारी तोंडं, आणि मागची मडगार्डं चांगली बाहेर फुगलेली. पुढचं चाक जी खडी उडवतं ती थेट त्या फुगवट्यावर जाऊन आपटते. ही अडचण पोर्शेलाही ठाऊक आहे. ९११ च्या रुंद मागच्या मडगार्डांवर चाकाच्या पुढच्या भागात कंपनी स्वतःच पारदर्शक फिल्मचा तुकडा लावून देते. आपल्याकडे त्यात भर पडते ती ताडपत्री न बांधलेल्या डंपरांची. एक्स्प्रेसवेवर अशा डंपरच्या मागे थोडा वेळ जरी अडकलात तरी बॉनेटवर टकटक ऐकू येते, आणि तो आवाज ऐकून पोटात कसं होतं ते ज्याची गाडी त्यालाच माहीत.

कंपनीतून येणारा रंग, प्रायमरपासून सगळ्यात वरच्या पारदर्शक थरापर्यंत, म्हणजे क्लिअर कोटपर्यंत, सगळे थर धरून, साधारण १०० ते १५० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाडीचा असतो. त्यातला क्लिअर कोट ४०-५० मायक्रॉनचा. चांगली पीपीएफ २०० मायक्रॉनच्या आसपास असते, म्हणजे गाडीच्या सगळ्या रंगापेक्षाही जाड. सिरॅमिक कोटिंगवाले, म्हणजे रंगावर पातळ द्रव थर चढवणारे, ‘आमचंही तेवढंच काम करतं’ असं सांगतात तेव्हा हा हिशोब डोक्यात ठेवावा. सिरॅमिक फार तर एक-दोन मायक्रॉनचं. पाणी घरंगळतं, धूळ कमी चिकटते, धुणं सोपं होतं, हे सगळं खरं. पण दगड ते अडवू शकत नाही. दगड अडवायला जाडी लागते आणि लवचिकपणा लागतो, आणि ते दोन्ही टीपीयूत, म्हणजे थर्मोप्लास्टिक पॉलियुरेथेनमध्ये आहेत. या फिल्मचं मूळही तसंच आहे. व्हिएतनाम युद्धाच्या काळात अमेरिकी हेलिकॉप्टरांची पाती वाळू-दगडांनी झिजू नयेत म्हणून ‘थ्रीएम’ने ती तयार केली. गाड्यांवर ती पुष्कळ नंतर आली.

आता लावण्याच्या कामाविषयी जरा सविस्तर लिहितो, कारण सगळी मेख तिथेच आहे.

फिल्म लावण्याआधी गाडी नुसती धुऊन भागत नाही. लोखंडाचे कण काढणारं रसायन मारायचं, क्ले बार, म्हणजे चिकटलेला मळ ओढून घेणारी मातीसारखी वडी, फिरवायचा, मग पॉलिश करून आधीचे गोल ओरखडे घालवायचे. नवी कोरी गाडी असली तरी हे करावं लागतं, कारण डिलिव्हरीआधी यार्डात तिच्यावर कोणतं फडकं फिरलंय ते आपण बघितलेलं नसतं. फिल्मखाली जे राहील ते पुढची काही वर्षं तिथेच राहणार. हे काम मी फिल्म लावून घेतली त्या स्टुडिओने मनापासून केलं, त्याचं श्रेय देतो. ट्यूबलाइट बंद करून हातातल्या दिव्याच्या तिरप्या उजेडात त्यांनी मला एकेक पॅनल दाखवला आणि मगच रोल उघडला.

फिल्म दोन तऱ्हांनी बसवतात. एक म्हणजे गाडीच्या मॉडेलचा नमुना कॉम्प्युटरमधून काढून प्लॉटर नावाच्या कापणाऱ्या यंत्रावर आधीच कापायचा. यात गाडीच्या रंगाजवळ ब्लेड येत नाही, पण कडेला मिलिमीटर-दोन मिलिमीटर रंग उघडा राहतो आणि लाल-पांढऱ्यासारख्या रंगावर त्या कडेला मळाची बारीक रेघ धरते. दुसरी तऱ्हा म्हणजे अखंड तुकडा पॅनलवर टाकून कडा आत वळवायच्या आणि जादाचं गाडीवरच कापायचं. दिसायला ही अर्थातच सुंदर, पण कापणाऱ्याचा हात जरा दाबला गेला तर ब्लेड खाली रंगात उतरतं, आणि ते फिल्म काढेपर्यंत कळतही नाही. माझ्या गाडीला बॉनेट, दारं, छप्पर अखंड तुकड्यात, आणि बंपरसारखे वाकडेतिकडे भाग नमुना कापून, असं मिश्र काम झालं. मला हाच मार्ग सगळ्यात शहाणपणाचा वाटतो.

स्टुडिओ पारखायचा असेल तर बॉनेट बघूच नका. सपाट बॉनेट कुणीही बसवतो. त्यांनी आधी केलेली एखादी गाडी दाखवायला सांगा आणि साइड मिररचा खालचा भाग, दाराच्या हँडलमागची वाटी, बंपरमधल्या जाळीच्या आतल्या कडा बघा. तिथे फिल्म ताणून बसवावी लागते. जास्त ताणली की ती पुन्हा मूळ मापावर यायला बघते आणि कड सुटते. बोट फिरवून बघा, नखाला कड लागली तर विचारा का लागली.

माझ्याकडे नेमकं हेच झालं. पुढच्या बंपरच्या डाव्या कोपऱ्यात, हवेच्या तोंडाच्या आतल्या वळणावर फिल्म जास्त ताणली गेली होती. ऐन श्रावणात ती कड सुटली, आत चिखलाचं पाणी गेलं आणि लालवर तपकिरी चंद्रकोर दिसायला लागली. स्टुडिओने आधी दोष प्रेशर वॉशरला दिला. मी फोटो तारखेनुसार काढून ठेवले होते, ते पुढे केल्यावर त्यांच्याकडच्या एका जुन्या, अनुभवी माणसाने बंपर पुन्हा करून दिला, पैसे न घेता. तेव्हापासून ती कड हललेली नाही. फिल्म तीच, रोल तोच, फक्त हात बदलला.

या भानगडीत एक गोष्ट मात्र बघायला मिळाली जी एरवी कुणाला बघायला मिळत नाही: अर्धा पावसाळा सोसलेल्या फिल्मखाली काय असतं. त्या अनुभवी माणसाने हीट गनने बंपर कोमट केला आणि फिल्म वर न ओढता पॅनलला जवळजवळ समांतर, सावकाश मागे ओढत नेली. निघालेला तुकडा खिडकीशी उजेडात धरला तर त्यावर बारीक पांढरट खळगे होते, काही मोहरीएवढे, काही त्याहून लहान, नाकाच्या पुढच्या पट्ट्यात दाटीने आणि वर जाताना विरळ. मग बंपरवर दिवा धरला. लाल रंग जसाच्या तसा. एकाच ठिकाणी दगडाने फिल्म आरपार छेदली होती, तिथे रंगावर सुईच्या टोकाएवढा ठिपका होता. बाकी जेवढे खळगे, तेवढे टवके माझ्या रंगाचे उडाले असते. मी या खर्चाबद्दल तोवर थोडा साशंक होतो. तो तुकडा बघितल्यावर शंका राहिली नाही.

‘सेल्फ हीलिंग’बद्दल, म्हणजे फिल्मवरचे ओरखडे आपोआप भरण्याबद्दल, जाहिराती फार मोठं बोलतात. शोरूममध्ये तारेच्या ब्रशने फिल्म घासतात, गरम पाणी ओततात आणि ओरखडे गायब करून दाखवतात. खरं आहे ते, पण मर्यादेत. आमच्या सोसायटीत सकाळी गाड्या पुसणारे दादा येतात. मी नको सांगूनही एकदा त्यांनी प्रेमाने, कोरड्या धुळकट फडक्याने सगळी गाडी पुसली. बॉनेटवर उन्हात कोळ्याच्या जाळ्यासारखे ओरखडे दिसले. दुपारपर्यंत पत्रा तापला आणि ते विरून गेले, माझ्या डोळ्यांदेखत. फिल्मच्या सगळ्यात वरच्या थरातले बारीक ओरखडे उष्णतेने भरतात, त्याला ऊन किंवा कोमट पाणी पुरतं. पण पार्किंगमध्ये कुणाच्या तरी बाइकचं हँडल दाराला घासून गेलं, ती फिल्म कापली गेलेली रेघ आजही आहे आणि राहणार. तिथे ती पट्टी बदलणं हाच उपाय.

दसऱ्याला गाडीची पूजा झाली. आईने बॉनेटवर हळद-कुंकवाचं स्वस्तिक काढलं, झेंडूचा हार घातला. संध्याकाळी ओल्या कापडाने पुसलं तेव्हा कुंकू निघालं, पण हळदीचा पिवळा डाग वरच्या थरात मुरला होता. रंगावर इतका दिसला नसता, पण फिल्म सच्छिद्र असते, ती डाग धरते. घासून, पॉलिश मारून काढायच्या नादाला लागू नका. हळदीचा रंग उन्हाने उडतो. गाडी रोज उन्हात उभी करत गेलो आणि डाग फिकट होत होत गेला. पूजेला हरकत घ्यायचं काहीच कारण नाही. आता आई बॉनेटऐवजी पुढच्या काचेवर स्वस्तिक काढते, काचेवरून सगळं पुसलं जातं.

पक्ष्यांची विष्ठा मात्र हलक्यात घेऊ नये. तापलेल्या फिल्मवर ती वाळली की वरच्या थरावर उमटते. मी गाडीत ओलं मायक्रोफायबर कापड ठेवतो, दिसली की भिजवून उचलतो, घासत नाही. बोअरच्या किंवा टँकरच्या पाण्याने धुणार असाल तर उन्हात धुऊ नका. क्षारांचे पांढरे ठिपके फिल्मवर रंगाइतकेच बसतात, आणि लगेच पुसले नाहीत तर विनेगर पाण्यात घालून काढत बसावं लागतं. प्रेशर वॉशरचा फवारा कडेवर सरळ मारू नये, फूटभर लांबून, पॅनलच्या मधून कडेकडे जाईल असा धरावा. रस्त्याच्या कामावर उडालेलं डांबर टार रिमूव्हरने निघतं. पहिले काही आठवडे फिल्मखाली पाण्याचे बारीक फुगे आणि धुरकट पट्टे दिसतात, ते ओलावा उडाला की जातात. हवेत दमटपणा असताना त्याला वेळ लागतो, म्हणून हे काम भर पावसाळ्यात करू नये. फुगा गेला नाही आणि त्यात कण दिसतोय, तर ती धूळ आहे. ती आपोआप जात नाही.

खर्च: पूर्ण गाडीला मला सव्वादोन लाखांच्या वर पडले. स्वस्तात, चाळीस-पन्नास हजारांत ‘टीपीयू’ म्हणून जे विकतात ते बऱ्याचदा टीपीएच असतं, म्हणजे पीव्हीसीचाच भाऊबंद. ते लवकर कडक होतं, पिवळं पडतं, आणि काढताना तुकड्या-तुकड्याने निघतं. तुकडा हातात घेऊन ताणून बघा: टीपीयू रबरासारखं ताणलं जातं आणि परत येतं, दुसरं ताणल्यावर तसंच राहतं. टेक्सासची एक्सपेल, ईस्टमनच्या लुमार आणि सनटेक, कोरियाची स्टेक, अशी परदेशी नावं बाजारात आहेतच. आपल्या छत्रपती संभाजीनगरात गरवारे हाय-टेक फिल्म्स टीपीयूची पीपीएफ बनवते, हे मला अभिमानाने सांगावंसं वाटतं. चांगली फिल्म देशातच मिळू लागली तर उगाच आयात कशाला, असा माझा विचार आहे. वॉरंटी कार्डावर रोलचा नंबर आणि गाडीचा चासी नंबर लिहून घ्या, आणि बारीक अक्षरं वाचा. वॉरंटी पिवळं पडणं, तडकणं, सुटणं याची असते. दगडाने पडलेल्या भोकाची नसते.

दोन गोष्टी विचारायला लोक विसरतात. गाडी जुनी घेतली असेल, किंवा कुठला पॅनल नव्याने रंगवला असेल, तर आधी मायक्रॉन मोजणाऱ्या मीटरने सगळी गाडी तपासून घ्या. बाहेर रंगवलेला रंग कंपनीच्या रंगाइतका घट्ट बसलेला नसतो, फिल्म काढताना तो सोबत येऊ शकतो. ताज्या रंगावर तर महिना-दोन महिने थांबायलाच हवं. दुसरं आरटीओचं. पारदर्शक फिल्मने रंग बदलत नाही, त्यामुळे आरसी बुकाचा प्रश्न येत नाही. रंगीत किंवा मॅट काळी चढवणार असाल तर रंगबदलाची नोंद करून घ्यावी लागते.

पूर्ण गाडी करायलाच हवी का? खाली बसलेली, मागे फुगलेली स्पोर्ट्स कार असेल आणि ती हायवेवर चालत असेल तर हो. बजेट कमी असेल तर छप्पर आणि डिकी सोडा, पण पुढचा बंपर, अख्खं बॉनेट, पुढची मडगार्डं, मिरर, साइड स्कर्ट (दारांखालची पट्टी) आणि मागच्या मडगार्डांचा चाकासमोरचा भाग सोडू नका. बॉनेटची अर्धीच पट्टी करून देतो म्हणतील, त्याला होकार देऊ नका. लाल गाडीच्या मधोमध गेलेली ती आडवी रेघ रोज डोळ्यांत खुपेल. माझ्या साइड स्कर्टवर, पुढच्या चाकाच्या लगेच मागे, खळगे आताच दाट झालेत. तेवढा तुकडा पुढच्या उन्हाळ्यात बदलून घेणार आहे, आणि काम त्याच अनुभवी माणसाच्या हातून व्हावं म्हणून त्याची वेळ आत्ताच मागून ठेवली आहे.