बोअरला रॉकेलचा वास आला आणि १,८५,००० रुपये गेले

घोडबंदर रोडला लागून आमची सोसायटी. नाव सांगत नाही, कंपाउंडच्या भिंतीपलीकडे पेट्रोल पंप आहे एवढं पुरे. मी सोसायटीची खजिनदार. ज्या चेकबद्दल लिहितेय त्यावर सही माझी आहे, म्हणून हे लिहायचं कामही माझंच.

२०२३च्या मे महिन्यात बोअरच्या पाण्याला वास यायला लागला. आमच्याकडे बोअरचं पाणी फ्लशला, बागेला आणि गाड्या धुवायला, प्यायला नळाचं. बी विंगमधल्या तळमजल्यावरच्या काकूंनी पहिल्यांदा सांगितलं, "फ्लश केला की स्टोव्ह विझवल्यासारखा वास येतो गं." आम्ही ताबडतोब भिंतीपलीकडे बोट दाखवलं. पंपाची जमिनीखालची टाकी गळतेय, दुसरं काय असणार?

मग कुणीतरी कुठल्याशा सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरून एका 'पर्यावरण सल्लागारा'चा नंबर आणला. रविवारी सकाळी गृहस्थ हजर. इस्त्रीचा शर्ट, कार्डावर हिरवं पान. ऑफिसच्या टेबलावर त्याने दोन काचेचे ग्लास ठेवले, एकात बोअरचं पाणी, दुसऱ्यात जारमधलं आरओचं. पेटीतून धातूच्या कांड्या लावलेलं एक यंत्र काढून दोन्ही ग्लासांत सोडलं आणि प्लग लावला. मिनिटभरात बोअरचं पाणी आधी हिरवट, मग चॉकलेटी झालं आणि वर घाणेरडा फेस आला. आरओचं पाणी जसंच्या तसं. "हे बघा मॅडम, हायड्रोकार्बन. म्हणजे पेट्रोल-डिझेल." सेक्रेटरी काकांनी तर नाकाला रुमाल लावला.

हा निव्वळ हातचलाखीचा खेळ आहे. क्षार असलेल्या पाण्यातून वीज जाते, लोखंडाची कांडी झिजते आणि तोच गंज पाण्यात उतरतो. आरओच्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतात, म्हणून तिथे काही होत नाही. नंतर आम्ही नळाच्या पाण्यात चिमूटभर मीठ टाकून तेच यंत्र लावलं. तोच चॉकलेटी रंग.

पण त्या दिवशी आम्ही घाबरलो होतो, आणि खरं सांगायचं तर थोडे खूशही होतो. पंपवाला सापडला! सल्लागाराने केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा जानेवारी २०२०चा कागद दाखवला: शाळा, दवाखाने, वस्ती यांच्यापासून पंप ५० मीटर लांब हवा, अडचण असली तरी ३० मीटरच्या आत नको. कागद खरा होता. तो नव्या पंपांसाठी आहे आणि आमचा पंप आमच्या बिल्डिंगच्याही आधीचा आहे, एवढंच त्याने सांगितलं नाही.

प्रस्ताव असा: आवारात ३० फुटांच्या तीन निरीक्षण विहिरी (म्हणजे जमिनीतलं पाणी तपासायला पुरलेले पाइप), सहा महिने दर महिन्याला नमुने, मग पंपाला नोटीस आणि नुकसानभरपाई. एकूण ३,४०,०००, त्यातले १,८५,००० आगाऊ. जिन्याच्या रंगाचा २० हजारांचा खर्च आमच्या कमिटीत दोन-दोन मीटिंगा चालतो. हा २० मिनिटांत पास झाला.

तिन्ही विहिरी एका दिवसात झाल्या. सगळे कामावर गेले होते, तिथे कुणी उभं राहिलं नाही. संध्याकाळी बघतो तर बागेत तीन निळ्या टोप्यांचे पाइप. जुलैत पहिला रिपोर्ट आला: बेन्झीन, म्हणजे पेट्रोलमधलं एक विषारी रसायन, लिटरला ०.४८ मिलिग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेची पिण्याच्या पाण्याची मर्यादा ०.०१. म्हणजे ४८ पट! आम्ही वकिलाकडून पंपाला नोटीस पाठवून मोकळे झालो. ऑगस्टचा रिपोर्टही आला, मी फाइलला लावला.

गणपतीत माझी भाची जेवायला आली. रसायनशास्त्रात एमएस्सी झालीय. मी मोठ्या फुशारकीने फाइल पुढे केली. तिने मोदक बाजूला ठेवला.

"मावशी, तिन्ही विहिरींत दोन्ही महिने ०.४८च?"

"सगळीकडे पसरलंय म्हणाला तो."

"आणि टीडीएस ७४? तुमच्या बोअरचा किती आहे?"

टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार. आरओवाल्याने मागे मोजला होता, ८६० होता. ती पुढच्या ओळीवर बोट ठेवून म्हणाली, "रेसिड्युअल क्लोरीन ०.२. बोअरच्या पाण्यात क्लोरीन कोण टाकतं गं?"

नळाचं पाणी होतं ते. माळ्याला विचारलं तर तो सहज म्हणाला, "हो, साहेब नमुना घ्यायच्या आधी नळीने पाइपात पाणी सोडायचे. धुवायचंय म्हणायचे." त्याने बघितलं होतं, आम्ही विचारलं नव्हतं. मग त्यानेच एक पाइप धरून हलवला आणि ओल्या मातीतून हाताने उपसून काढला. साडेचार फूट. खालून टोपण, बाजूला एकही खाच नाही. जमिनीतलं पाणी त्यात शिरायला वाटच नव्हती.

भाचीने सांगितलं ते मी वहीत उतरवलं. निरीक्षण विहिरीचा पाइप भूजलाच्या पातळीच्या वर आणि खाली, दोन्हीकडे खाचांचा लागतो. पेट्रोल-डिझेल पाण्याहून हलकं, वर तरंगतं. खाचा नुसत्या खाली असल्या तर तरंगणारा थर पाइपात येतच नाही. बाहेरून वाळूचा थर, त्यावर बेंटोनाइट मातीचं बूच, म्हणजे पावसाचं पाणी वरून घुसत नाही. आणि विहिरी किमान तीन अशासाठी, की तिन्हींतल्या पाण्याची उंची मोजून भूजल कुठून कुठे वाहतं ते काढता येतं. आमच्या सल्लागाराने उंची एकदाही मोजली नाही. नमुना तर पाण्याच्या रिकाम्या प्लास्टिक बाटलीत, अर्धी भरून, स्कूटरच्या डिकीत नेला. बेन्झीन हवेत उडून जातं. अशा बाटलीतून ०.४८ निघणं सोडाच, काही हाती लागलं तरी नवल.

रिपोर्टवर एनएबीएलचं, म्हणजे प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या संस्थेचं, चिन्ह आणि प्रमाणपत्राचा क्रमांक होता. एनएबीएलच्या साइटवर क्रमांक टाकला की प्रयोगशाळेचं नाव आणि तिला नेमक्या कुठल्या चाचण्यांची मान्यता आहे ती यादी निघते. हा क्रमांक निघाला सिमेंट आणि सळ्या तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेचा. त्यांना या प्रकाराचा पत्ताही नव्हता. चेक द्यायच्या आधी ही पाच मिनिटं मी खर्च केली असती तर! क्रमांक खरा आहे एवढ्यावर थांबू नका, यादीत 'पाणी' आणि 'बेन्झीन' हे शब्द शोधा.

सल्लागाराला फोन केला. आधी "पुढच्या आठवड्यात येतो", मग स्विच ऑफ. पोलिसांत अर्ज दिलाय, १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर नोंद केली, जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार आहे. पैसे अजून आलेले नाहीत.

वास मात्र होताच. या वेळी यादी तपासून प्रयोगशाळा निवडली. त्यांच्याकडचा एक मुलगा बर्फाची पेटी घेऊन आला. बोअर बराच वेळ चालू ठेवून साठलेलं पाणी जाऊ दिलं, मग ४० मिलिलिटरच्या तपकिरी काचेच्या कुप्या काठोकाठ भरल्या. झाकण लावून प्रत्येक कुपी उलटी करून टिचकी मारली, एकात बुडबुडा दिसला तर ती फेकून पुन्हा भरली. नमुना कुणाच्या हातून कुणाकडे गेला त्या फॉर्मवर माझी सही घेतली.

रिपोर्टमध्ये बेन्झीन सापडलंच नाही. सापडलं ते डिझेल. पेट्रोलमधले रेणू लहान, डिझेलमधले लांब. गॅस क्रोमॅटोग्राफी म्हणजे मिश्रणातले घटक वेगळे करून दाखवणारी चाचणी, तिच्या आलेखात दोघांची शिखरं वेगवेगळ्या ठिकाणी येतात. काकूंचं नाक बरोबर होतं. त्या 'स्टोव्ह' म्हणाल्या होत्या, पेट्रोल नव्हे.

बिल्डरने जनरेटरसाठी रॅम्पखाली ९९० लिटरची डिझेलची टाकी पुरली होती. हजार लिटरच्या आत असली की परवान्याची कटकट टळते, म्हणून बरेच जण ९९०चीच घेतात. आमची खालून सडली होती.

पंपमालकाची माफी मागायला सेक्रेटरी काका आणि मी गेलो. माणूस चिडला होता, पण चहा दिला. त्याने रजिस्टर दाखवलं: रोज सकाळी टाकीत डिपस्टिक घालायची, किती लिटर आहे ते लिहायचं, विक्रीशी ताळा करायचा. "तुमचं डिझेल कोण मोजतं?" त्याने विचारलं.

घरी येऊन मी माझीच व्हाउचर काढली. २०२२च्या दिवाळीनंतर डिझेलची बिलं जवळपास दुप्पट, आणि वॉचमनच्या वहीत जनरेटर चालल्याचे तास पूर्वीइतकेच. टाकीला डिपस्टिकचं भोक होतं. त्यावर आम्ही क्रोटनची कुंडी ठेवली होती.