हिंडलग्याचा प्लॉट की बेंगळूरच्या ऑफिसांचे युनिट?

भाचा दुबईत असतोय, त्याचे थोडे पैसे पडून आहेत आणि घरात रोज तोच विषय, बेळगावजवळ हिंडलग्याकडं प्लॉट घ्यायचा की रीटचे (भाड्याच्या इमारती धरणाऱ्या ट्रस्टचे) युनिट. दोन्ही बघितलंय मी (प्लॉट चालत जाऊन, रीट मोबाईलवर), म्हणून लिहितोय.

परदेशी पैसा आला की बेळगावात पण भाव उडणार असं एजंट सांगतात. पण तो पैसा जातोय कुठं ते बघा की. २००५ ला टाउनशिपसाठी १०० टक्के एफडीआय (थेट परदेशी गुंतवणूक) खुली झाली तेव्हा प्लॉटिंगला निदान २५ एकर जागा लागायची, असल्या अटी २०१४-१५ मध्ये काढल्या, पण नुसती जमीन घेऊन ठेवायची आणि भाव आला की विकायची याला परदेशी पैशाला आजही बंदी आहे, आणि आपल्याकडं सगळा धंदा तोच! म्हणून मोठे फंड भाडं देणारी ऑफिसं, मॉल, गोडाऊन धरतात, बेंगळूर-पुणे-मुंबईला. हिंडलग्याचा भाव आपल्याच लोकांनी चढवलाय, उद्यमबागेतले कारखानदार, मिलिटरीतनं रिटायर झालेले.

आता प्लॉट. एजंट म्हणाला, "२०२० पासनं शेती कुणीपण घेऊ शकतंय, एनए (बिगरशेती) मागनं करू." अर्धं खरं. कर्नाटकानं शेतकरी असण्याची अट काढली, पण फेमा या परकीय चलनाच्या कायद्याखाली एनआरआयला शेतजमीन विकत घेता येत नाही, म्हणजे भाच्याला फक्त एनए झालेला, बुडाचं (बेळगाव नगरविकास प्राधिकरणाचं) लेआउट मंजूर असलेला, ई-खात्याचा (ऑनलाइन मालमत्ता नोंदीचा) प्लॉटच चालणार. उतारा मागितला तर कन्नडमध्ये चार भावांची नावं, त्यातला एक वारलाय, वारसा लागलेला नाही, आणि रस्ता म्हणून दाखवला तो शेजाऱ्याचा बांध. मी तिथंच चप्पल झाडली आणि परत आलो. भाडं तर शून्यच, उलट पावसाळा संपला की गवत काढायला माणूस लावा.

रीटचं युनिट म्हणजे भाड्यानं दिलेल्या ऑफिसांचा बारीक तुकडा. देशातलं पहिलं रीट बेंगळूरच्या एम्बसी बिल्डरचं, २०१९ ला शेअरबाजारात लिस्ट झालं, त्यात अमेरिकेच्या ब्लॅकस्टोन या गुंतवणूक कंपनीचा पैसा होता. वाटण्याजोगी जी रोकड उरते त्यातली ९० टक्के वाटावीच लागते, २०२१ पासनं एक युनिट पण घेता येतंय. भाव शेअरसारखा खालीवर होतोय, लॉकडाऊनमध्ये पडलेला. आणि ब्लॅकस्टोननं डिसेंबर २०२३ मध्ये उरलेला सगळा हिस्सा बाजारात विकला आणि मोकळे झाले. चार भावांचा प्लॉट असा विकून दाखवा बघू!

माझं मत, भाचा पाच-सात वर्षांत परत येऊन घर बांधणार असला तर प्लॉट, पण कागद आधी वकिलाकडं, टोकन मागनं. नुसते पैसेच गुंतवायचे असतील तर युनिट. ताई म्हणते, "युनिटवर तुळस लावता येत नाही." तेवढं खरंय.