बैठकीसाठी एकच लेन्स घ्यायची तर: कॅनन ईएफ ८५ मिमी एफ/१.८ यूएसएम, वर्षभराच्या मैफलींनंतर

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात हौसेनं मैफलींचे फोटो काढणाऱ्याकडे कॅननचा कॅमेरा असेल आणि एकच लेन्स घेण्याइतके पैसे असतील, तर त्यानं ईएफ ८५ मिमी एफ/१.८ यूएसएम घ्यावी. हे आमचं ठाम मत आहे. लेन्स १९९२ ची आहे. वजन ४२५ ग्रॅम, पुढचा फिल्टर ५८ मिमीचा, सात गटांत नऊ भिंगं. हाताची थरथर सावरणारं स्टॅबिलायझेशन नाही, पावसापाण्यापासून संरक्षण नाही, हूडसुद्धा वेगळा विकत घ्यावा लागतो. तरीही गणेशोत्सवापासून दिवाळी पहाटेपर्यंत आणि हिवाळ्यातल्या बैठकांपासून शिवजयंतीपर्यंतचा हिशेब मांडला, तर आपल्याकडच्या उजेडात सगळ्यात जास्त कामाचे फोटो हीच लेन्स देते.

कारण उजेडातच आहे. छोट्या सभागृहातल्या बैठकीत गायकाच्या चेहऱ्यावर पडतो तो दोन-तीन दिव्यांचा प्रकाश, तोही बऱ्याचदा वरून. अशा ठिकाणी एफ/२ (लेन्सचं तोंड किती उघडं; आकडा लहान तितका प्रकाश जास्त), शटर १/१६० सेकंद आणि आयएसओ ३२०० (सेन्सरची प्रकाशाची संवेदनशीलता) हे आकडे सुरुवातीला धरून चालावेत. कॅमेऱ्याबरोबर मिळणारी १८-५५ लेन्स पूर्ण झूम केली की एफ/५.६ वर जाते. एफ/१.८ च्या तुलनेत ती जेमतेम दहावा हिस्सा प्रकाश आत घेते, म्हणजे तिथं शटरचा तोच वेग ठेवायला आयएसओ २५,६०० च्या आसपास जावं लागतं, नाहीतर हात हललेलेच येतात. ७०-२०० एफ/२.८ सगळ्यांना हवी असते. ती उत्तमच आहे, पण वजन सुमारे दीड किलो, आणि एफ/१.८ च्या तुलनेत प्रकाश निम्म्याहून कमी. जिथं ८५ आयएसओ २५०० वर भागवते, तिथं ७०-२०० ला ६४०० लागतो. शिवाय पांढरी मोठी लेन्स पहिल्या रांगेत उभी राहिली की मागचे रसिक अस्वस्थ होतात. ८५ ओंजळीत मावते.

आता अंतराचा हिशेब. १५००डी, २००डी, ८०डी यांसारख्या क्रॉप (म्हणजे फुल फ्रेमपेक्षा लहान) सेन्सरच्या कॅमेऱ्यावर पाच मीटरवरून ही लेन्स साधारण १.३ मीटर बाय ०.९ मीटर एवढी चौकट देते. कॅमेरा उभा धरला तर मांडी घालून बसलेला गायक वर थोडी मोकळी जागा ठेवून नीट बसतो. आडवा धरला तर चेहरा आणि हाताचा पसारा मिळतो, पण मागचा तंबोरा कापला जातो. गायक आणि दोन्ही तंबोरे एका चौकटीत हवे असतील तर आठ ते दहा मीटर मागं जावं लागतं. फुल फ्रेम कॅमेऱ्यावर हीच चौकट पाच मीटरवरून २.१ बाय १.४ मीटर होते. म्हणून क्रॉप सेन्सरवाल्यानं तिसरी-चौथी रांग आणि बाजूची मार्गिका धरावी, फुल फ्रेमवाल्यानं रंगमंचाच्या जवळ जावं.

कुठल्या बाजूला उभं राहायचं हे लेन्सपेक्षाही महत्त्वाचं. आपल्या बैठकीत तबलजी गायकाच्या उजव्या हाताला आणि पेटीवाला डाव्या हाताला असतो, म्हणजे प्रेक्षकांतून पाहताना तबला डावीकडे, पेटी उजवीकडे. उजवीकडून, पेटीच्या अंगानं फोटो घेतला तर गायकाच्या पलीकडे तबलजीचा चेहरा आपल्याकडे वळलेला सापडतो, आणि दोघांची नजरानजर एकाच चौकटीत येते. समोरून घेतलेल्या फोटोत मायक्रोफोन गायकाच्या ओठांवरच येतो. तीस ते पंचेचाळीस अंश बाजूला सरकलं की ओठ मोकळे होतात. रंगमंच तीन-चार फूट उंच असेल तर अगदी पायथ्याशी जाऊ नये, तिथून हनुवटी आणि नाकपुड्याच दिसतात.

मागच्या फ्लेक्सबद्दल एक गैरसमज आहे. 'एफ/१.८ लावलं की मागचं सगळं विरतं' असं म्हणतात. विरत नाही. गायक पाच मीटरवर आणि फ्लेक्स त्याच्या मागं दोन मीटरवर असेल, तर जास्तीत जास्त दोन सेंटीमीटर जाडीचा तपशील पुसला जातो. पुरस्कर्त्यांची वीतभर अक्षरं तशीच वाचता येतात. उपाय लेन्समध्ये नाही, पायांत आहे: इतकं बाजूला व्हायचं की डोक्यामागं फ्लेक्सऐवजी विंगेचा काळोख येईल.

आता फोकस. इथं ही लेन्स मन जिंकते आणि इथंच सर्वांत जास्त फोटो वाया घालवते. रिंग यूएसएम मोटर झपाट्यानं आणि जवळपास आवाज न करता फिरते. ऑटोफोकस चालू असतानाच कडं हातानं फिरवता येतं. फोकस होताना लेन्सचा पुढचा भाग बाहेर येत नाही की फिरत नाही. पण क्रॉप सेन्सरवर चार मीटरवरून एफ/१.८ ला तीक्ष्ण भाग मिळतो तो एकंदर पंधरा सेंटीमीटरचा. गायक समेवर, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, येताना तेवढा सहज पुढं झुकतो. म्हणजे वन शॉटमध्ये (फोकस एकदाच धरून थांबणारा मोड) फोकस धरून वाट बघत बसलं की नेमका समेचा फोटो मऊ येतो. हलणाऱ्या माणसामागं फोकस सतत नेणारा एआय सर्वो मोड लावावा, फोकस मागच्या एएफ-ऑन बटणावर घ्यावा आणि एकच बिंदू निवडून तो जवळच्या डोळ्यावर ठेवावा. सगळे बिंदू चालू ठेवले तर कॅमेरा मायक्रोफोनची जाळी पकडतो, कारण चौकटीतली सर्वांत जवळची आणि ठसठशीत वस्तू तीच असते. चष्मा असेल तर बिंदू काचेच्या काठावर अडकतो. मग भुवईवर धरून एफ/२.८ करावं, तिथं तीक्ष्ण भाग साधारण तेवीस सेंटीमीटरचा होतो.

ज्याला ताल कळतो त्याला या लेन्सचा खरा फायदा मिळतो. अतिविलंबित एकतालात बारा मात्रांचं आवर्तन मिनिटभराच्या आसपास जातं. तेवढा वेळ कॅमेरा डोळ्याला लावून बसायचं कारण नाही. समेकडे नेणारा बंदिशीचा मुखडा सुरू झाला की कॅमेरा उचलावा, समेच्या किंचित आधी बटण दाबावं, दोन-तीन फोटो घेऊन खाली ठेवावा. द्रुत तीनतालात मात्र हातवारे जलद असतात, तिथं १/२५० हवं. तबल्याची बोटं गोठवायला १/५०० लागतं. बोटांची धूसर थरथर हवी असेल तर १/६०, पण लेन्सला स्टॅबिलायझेशन नसल्यानं कोपर गुडघ्यावर टेकवूनच.

आलाप चालू असताना डीएसएलआरचा खटका वाजवू नये, हे कुणी सांगायची गरज पडू नये. सायलेंट मोडमध्येही आवाज येतोच. तबल्याची थाप किंवा दाद येईपर्यंत थांबावं. बीप, फोकससाठी लागणारा मदतीचा दिवा आणि मागचा स्क्रीन तिन्ही बंद. फ्लॅश तर नाहीच. आयोजकांना आणि कलाकाराला आधी विचारावं. ही लेन्स लांबून काम करते म्हणून परवानगी लागत नाही असं नाही.

डीएसएलआरवर आणखी एक अडचण येते: फोकस सातत्यानं नाकावर किंवा कानावर पडणं. हा दोष लेन्सचा एकटीचा नसतो, कॅमेरा आणि लेन्स यांचा मेळ बसलेला नसतो. ८०डी, ९०डी, ६डी या कॅमेऱ्यांत फोकस किंचित पुढं-मागं सरकवून हा मेळ बसवण्याची सोय, म्हणजे मायक्रोअॅडजस्टमेंट असते, १५००डी आणि २००डी मध्ये नसते. ट्रायपॉडवर कॅमेरा ठेवून सव्वाचार मीटरवर, म्हणजे फोकल लांबीच्या पन्नासपट अंतरावर, वर्तमानपत्र सपाट उभं लावावं आणि शेजारी पट्टी तिरकी ठेवावी. प्रत्येक वेळी फोकस अनंतावर नेऊन परत आणावा, एफ/१.८ ला पाच फोटो घ्यावेत, पट्टीवर कुठला आकडा तीक्ष्ण आहे ते पाहावं. ही चाचणी घरातल्या पिवळ्या दिव्याखाली करावी, दुपारच्या उन्हात नाही. प्रकाशाच्या रंगाप्रमाणे फोकस थोडा सरकतो आणि आपल्याला काम रात्रीच करायचं असतं. आर मालिकेच्या मिररलेस कॅमेऱ्यावर ईएफ-ईओएस आर अॅडॅप्टर लावून ही लेन्स वापरली तर हा प्रश्न सुटतो, कारण फोकस सेन्सरवरच मोजला जातो, आणि डोळा ओळखण्याची सोयही मिळते. आर६ किंवा आर७ असेल तर बॉडीतलं स्टॅबिलायझेशनही मिळतं. आर१० आणि आर५० मध्ये ते नाही.

लेन्सचा खरा, न टळणारा दोष म्हणजे जांभळी किनार. एफ/१.८ ला पांढऱ्या कुर्त्याची कड, मायक्रोफोनची चकाकती कडी, तंबोऱ्याच्या तारा यांच्याभोवती फोकसच्या पुढं जांभळी आणि मागं हिरवट झाक येते. एफ/२.८ ला ती बरीच कमी होते, एफ/४ ला जवळजवळ जाते. लाइटरूम या फोटो सुधारण्याच्या सॉफ्टवेअरमधल्या डीफ्रिंजनं उरलेली काढता येते, पण पट्टी फार ओढली तर जांभळ्या शालूची जर करडी पडते. म्हणून बैठकीत एफ/२ ते एफ/२.२ हाच मुक्काम ठेवावा. एफ/१.८ अगदीच अंधार असेल तेव्हा.

उत्सवाच्या रंगमंचावर वेगळीच लढाई असते. ऑक्टोबरात कित्तूर उत्सवासारख्या मोठ्या मैदानी कार्यक्रमात किंवा गणपतीच्या मांडवातल्या ऑर्केस्ट्रात लाल-निळे एलईडी पार दिवे (रंगमंचाचे डबेवजा झोत) थेट चेहऱ्यावर असतात. लाल दिव्याखाली कॅमेऱ्याचा साधा हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) सगळं ठीक सांगतो आणि लाल रंग मात्र मर्यादेबाहेर जाऊन त्यातला तपशील गेलेला असतो. घरी आल्यावर चेहरा प्लास्टिकचा दिसतो. लाल, हिरवा, निळा वेगवेगळे दाखवणारा आरजीबी हिस्टोग्राम लावावा, एक्स्पोजर दोन-तृतीयांश ते एक स्टॉप (एक स्टॉप म्हणजे निम्मा प्रकाश) खाली ठेवावं आणि रॉ मध्येच, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये, घ्यावं. निळ्या दिव्याखाली फोकस चुकतो, तिथं दिवा बदलायची वाट पाहणंच शहाणपणाचं. फोटोवर आडवे पट्टे आले तर इलेक्ट्रॉनिक शटर बंद करून मेकॅनिकल लावावं. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ट्यूब आणि स्वस्त दिवे सेकंदाला शंभरदा लुकलुकतात. शटर १/१०० वर आणलं किंवा कॅमेऱ्यातला अँटी-फ्लिकर चालू केला की उजेडाची चढउतार थांबते. पार दिव्यांची लुकलुक याहून कितीतरी जलद असते, तिथं अँटी-फ्लिकरचा उपयोग होत नाही.

मिरवणुकीला मात्र ही लेन्स नेऊ नये. बेळगावची शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक असो की गल्लीतलं ढोल-ताशा पथक, क्रॉप सेन्सरवर ८५ म्हणजे १३६ मिमीची नजर. समोर माणूस दोन मीटरवर असतो आणि मागं सरकायला जागा नसते. ०.८५ मीटरच्या आत फोकस होतच नाही. लेन्सच्या माउंटला रबराची कडी नाही, गुलाल सरळ आत जातो. तिथं २४ मिमी एफ/२.८ एसटीएम बरी, आणि लेन्स बदलायची ती घरी येऊन. खेड्यातल्या देवळातलं भजन, जिथं वीणेकरी आणि पखवाजी अडीच मीटरवर बसलेले असतात, तिथं ५० मिमी एफ/१.८ एसटीएम जास्त कामाची. वजन १६० ग्रॅम, खिशात राहते.

ज्यांच्याकडे आर मालिकेचा कॅमेरा आहे ते विचारतात, आरएफ ८५ मिमी एफ/२ का नको? २०२० साली आलेली ती लेन्स ०.३५ मीटरपर्यंत जवळ जाते, स्टॅबिलायझेशन आहे, जांभळी किनार कमी. तंबोऱ्याच्या घोडीवरची जव्हारी किंवा पेटीच्या पट्ट्या टिपायला ती सुरेख. पण तिची एसटीएम मोटर अंधारात फोकस शोधत पुढं-मागं फिरते आणि तेवढ्यात सम निघून जाते. मैफलीपुरतं जुनी ईएफ आम्ही वर ठेवतो. निकॉनवाल्यांनी हाच सगळा विचार त्यांच्या २०१२ च्या ८५ मिमी एफ/१.८जी ला लावावा.

ईटी-६५ III हूड लेन्सबरोबरच घ्यावा. बाजूचा एक हॅलोजन काचेवर तिरका पडला की काळा रंग राखाडी होतो. स्वस्तातला यूव्ही फिल्टर रात्री काढून ठेवावा, नाहीतर प्रत्येक दिव्याचा एक हिरवा ठिपका चौकटीत तरंगतो.

वापरलेली लेन्स घेत असाल तर ऐन पावसाळ्यातून गेलेली काच नीट तपासा. दोन्ही टोपणं काढून मोबाइलची बॅटरी मागून तिरकी मारा: कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी, घेऊ नका. धुळीचे चार कण चालतात. कॅमेऱ्याला लावून एफ/८ वर डेप्थ ऑफ फील्ड बटण दाबा, आठही पाती झटकन मिटली पाहिजेत, त्यांवर तेलाची चमक नको. फोकस अनंतापासून ०.८५ मीटरपर्यंत दहा वेळा न्या. मध्येच अडकली किंवा किरकिरली तर मोटर थकली आहे. आणि घरी आणल्यावर कपाटात कॅमेऱ्याच्या बॅगेत ठेवू नका, आपल्याकडे जून ते सप्टेंबर ती बॅगच ओल धरते. रबरी कडीचा हवाबंद डबा, आत सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक, काटा ४० ते ५० टक्क्यांत. साठीच्या वर गेला की जेल गरम करून परत भरा.