प्लास्टरला रोबो की फवारणीचा पंप?

प्लास्टरसाठी मशीन घ्यायचंच, इथपर्यंत तुम्ही आलाय असं धरून चालतो. गवंडी गावच्या जत्रेला गेले की साइट पंधरा दिवस ओस पडते, हे कोल्हापुरातल्या ठेकेदाराला वेगळं सांगायला नको. प्रश्न एवढाच, की खांबांवर वर-खाली सरकत स्वतः माल थापणारा रोबो घ्यायचा की पाइपातून माल फवारणारा पंप. मी दोन्ही वापरलेत. रोबो आधी, कळंब्याच्या एका तीन मजली कामावर, भाड्यानं. पंप नंतर, आणि तो विकत.

रोबो बघायला झकास. दोन खांब जमीन आणि स्लॅबमध्ये आवळायचे, ओळंबा जुळवायचा, पेटीत माल भरायचा. पेटी माल चोपत वर जाते आणि घोटत खाली येते. पहिल्या दिवशी मालक स्वतः व्हिडिओ काढत होते. बंगळुरूत २०२३ साली थ्री-डी प्रिंटिंगनं झालेलं पोस्ट ऑफिस त्यांनी मोबाइलवर बघितलेलं, आता आपलंही तसंच होणार असा त्यांचा समज. सलग भिंतीवर पट्टी लावली तर खाली उजेड दिसेना. एवढी सरळ भिंत माझ्या चांगल्या गवंड्यालाही रोज जमत नाही, हे मान्यच.

पण ती पेटी स्लॅबला टेकत नाही. वर वीतभर भिंत कोरी. बीम खाली उतरलेला असेल तर त्याच्याखाली पुन्हा तेच. कोपऱ्यात खांबाला जागा लागते, म्हणून तिथंही कोरी. मग गवंडी परांची बांधून तेवढं भरणार, आणि सकाळचा माल जिथं संध्याकाळच्या मालाला भेटतो तिथं सांधा दिसणार. पुट्टीवाल्यानं आल्या आल्या विचारलं, "दादा, वर ही दोरी बांधल्यागत काय दिसतंय?" त्या रेघेनं माझं डोकं खाल्लं. दोन खोल्यांत सांध्यावर केसासारखी भेगही आली. आमचं पाणी मारणं कमी पडलं असेल, सगळा दोष मशीनला देत नाही. पण परांची लागली, गवंडीही लागला, मग वाचलं काय? आपल्याकडच्या १० बाय ११च्या खोलीतून दार, खिडकी आणि पुढं आलेला कॉलम वजा केला तर सलग भिंत उरते किती? खांब हलवून पुन्हा ओळंब्यात आणण्यातच दिवस जायचा.

पंपाला हे दुखणं नाही. तो फक्त माल पोचवतो आणि भिंतीला मारतो. नोझल कोपऱ्यात, बीमखाली, कुठंही वळतं. मागून तीन गवंडी पट्टीनं माल ओढतात, रंध्यानं घोटतात. अख्खी भिंत एकदमच ओली, त्यामुळं वरचा सांधा नाही. घमेली वाहणारे बिगारी वाचतात ते वेगळंच. सरळपणा मात्र गवंड्याच्या हातातला, तिथं रोबो पुढं.

पंपाचे नखरेही आहेत. क्रश सँडमधला, म्हणजे दगड भरडून केलेल्या वाळूतला, एक जाड खडा पाइप तुंबवतो, म्हणून प्लास्टरची वाळू मागवूनही मी ती पुन्हा चाळतो. जेवणाच्या सुट्टीआधी पाइप धुतलाच पाहिजे. मे महिन्यात एकदा विसरलो, तर पाइपात दगड झाला. तेवढा तुकडा कापून टाकला. वाळूनं रबराचा स्टेटर, म्हणजे माल ढकलणाऱ्या स्क्रूभोवतीची नळी, झिजतो, तो बाहेरून मागवावा लागतो. बाकी शाफ्ट, बेअरिंग, गिअर काहीही बिघडलं तरी कोल्हापुरातलं वर्कशॉपांचं उद्यमनगर आहेच, दुपारी नेलं की संध्याकाळपर्यंत कुणीतरी करून देतं. रोबोचं कंट्रोल कार्ड गेलं तेव्हा ते हातात घेऊन तिथल्याच मिस्त्रींनी मान हलवली होती.

शाळा, गोदाम, लांबलचक कॉरिडॉर अशी तुमची कामं असतील तर रोबो जरूर बघा, माझा अनुभव कदाचित तिथं लागू होणार नाही. एकच बंगला असेल तर दोन्ही नकोत. फ्लॅट आणि रो-हाउस करणाऱ्यानं मला विचारलं तर मी पंपाकडं बोट दाखवीन.

सध्या तो फुलेवाडीत चालू आहे. दुपारी एकच्या सुमारास आलात तर धुताना पाइपातून स्पंजचा बोळा उडताना बघायला मिळेल. फक्त तोंडासमोर उभं राहू नका.