लीग टूच्या थेट प्रक्षेपणाचा मासिक पास: बचावपटू पाहण्यासाठी

मैदान म्हटले की क्रिकेट किंवा कबड्डीच आठवणाऱ्या परभणीत लीग टूसाठी, म्हणजे इंग्लंडच्या चौथ्या श्रेणीतील फुटबॉलसाठी, पैसे मोजणारे थोडेच असतील. तरीही ज्यांना बचावाचा खेळ समजून घ्यायचा आहे, त्यांनी हा पास जरूर घ्यावा. प्रक्षेपण बहुतेक वेळा एकाच कॅमेऱ्याचे असते, आणि नेमका तोच त्याचा गुण आहे, कारण चेंडू दूर असतानाही सेंटर-बॅक (मधला बचावपटू) सहकाऱ्याला हाताने खुणावत बचावफळी कशी पुढे सरकवतो, हे सलग दिसत राहते. २४ संघ, प्रत्येकी ४६ साखळी सामने आणि अल्प मुदतीच्या करारांवर गावोगाव फिरणारे खेळाडू, असा हा संसार आहे. स्कनथॉर्प, ल्युटन, प्रेस्टन या क्लबांतून वाटचाल करत बचावपटू ग्रॅहम अलेक्झांडर यांनी २००९ मध्ये, वयाच्या ३७ व्या वर्षी, बर्नलीकडून प्रीमियर लीग या सर्वोच्च श्रेणीत पदार्पण केले. त्यांच्या नावावर हजाराहून अधिक सामने आहेत. अशी चिकाटी मोठ्या क्लबांच्या झगमगाटात क्वचितच दिसते.

चित्र मात्र मधूनच अडकते आणि समालोचन मागे पडते. शनिवारचे बरेचसे सामने हिवाळ्यात आपल्याकडे रात्री साडेआठला सुरू होतात, तेव्हा (वीज असल्यास) जेवण आटोपून निवांत बसता येते. पास आधी एकाच महिन्याचा घ्यावा.