चारिन, कोलसाई आणि कायिंडी: एका दिवसात उरकावे की सातीला मुक्काम करावा?

कझाकस्तानातील अल्माटीला चार-पाच दिवसांसाठी जाणाऱ्यांपुढे मेदेउचे स्केटिंग मैदान आणि शिंबुलाकचे स्की केंद्र पाहून झाल्यावर एक प्रश्न हमखास उभा राहतो. शहराच्या पूर्वेकडील चारिन कॅन्यन, कोलसाई सरोवरे आणि कायिंडी सरोवर ही ठिकाणे गाइडसह एका दिवसात पाहून रात्री परत यावे, की साती या गावात एक मुक्काम करून तीच ठिकाणे दोन दिवसांत पाहावीत? दोन्ही प्रकारच्या सहली अल्माटीतून सहज मिळतात, दोन्हींच्या जाहिरातीत छायाचित्रे तीच असतात आणि वरवर पाहता फरक फक्त एका रात्रीचा दिसतो. मी या भागात दोन्ही प्रकारे गेलो आहे, आधी एकटा एका दिवसाच्या ग्रुपबरोबर आणि नंतर घरच्या मंडळींसह दोन दिवसांच्या सहलीने. त्यामुळे पुढील मत अनुभवाचे आहे, मोजमापाचे नाही, हे ध्यानात ठेवून वाचावे.

एका दिवसाच्या सहलीविषयी पहिली तक्रार सहसा अंतराची ऐकू येते. जाऊन-येऊन साधारण सहाशे किलोमीटरचा प्रवास होतो, पहाटे निघावे लागते आणि हॉटेलवर परतायला रात्रीचे दहा-अकरा वाजतात. मला स्वतःला ही तक्रार फारशी महत्त्वाची वाटत नाही. वाटेतल्या शेलेक गावापर्यंतचा रस्ता उत्तम आहे, त्यानंतर कोकपेकच्या घाटातून गाडी वर चढते आणि पुढे मोकळे गवताळ पठार लागते. रात्रीच्या बसने प्रवास करण्याची सवय असलेल्या माणसाला हा प्रवास जड जाऊ नये. शिवाय एका दिवसाच्या सहलीचे फायदे खरे आहेत. मिनीबसमधली एक सीट घेता येत असल्यामुळे एकट्यादुकट्या प्रवाशाला ती पुष्कळच स्वस्त पडते. सामान बांधावे-सोडावे लागत नाही. रात्री आपल्या खोलीतले गरम पाणी आणि ओळखीचे अंथरूण मिळते. अल्माटीतला मुक्कामच तीन दिवसांचा असेल, तर त्यातले दोन दिवस एकाच दिशेला खर्च करणे कोणालाही अवघड वाटेल, आणि ते मला पटते.

गाइडच्या बाबतीत दोन्ही सहलींत मला विशेष फरक जाणवला नाही. दोन्ही वेळचे गाइड तरुण, उत्साही आणि माहितगार होते. कायिंडी सरोवर कसे झाले हे दोघांनीही चांगले समजावून सांगितले. 1911 च्या मोठ्या भूकंपात डोंगराचा चुनखडीचा भाग कोसळून दरी अडली, मागे पाणी साठत गेले आणि स्प्रूस या सूचिपर्णी वृक्षांचे उभे जंगल त्या पाण्यात बुडाले. आज पाण्याबाहेर दिसतात ते त्या झाडांचे वाळलेले, पांढरट पडलेले बुंधे. पाणी उन्हाळ्यातही इतके थंड असते की पृष्ठभागाखाली फांद्या अजून टिकून आहेत. ही माहिती बसमध्ये ऐकली काय किंवा काठावर उभे राहून ऐकली काय, सारखीच. फरक पडतो तो ऐकल्यानंतर त्या काठावर किती वेळ उभे राहता येते यात, आणि तिथूनच माझ्या मते या दोन सहलींचे मार्ग वेगळे होतात.

ज्या एका गोष्टीने माझा कौल ठरला, ती ही. एका दिवसाच्या सहलीत दिवसभरात जो जो उशीर होतो, तो सगळा शेवटच्या ठिकाणाच्या खात्यावर जमा होतो, आणि माझ्या सहलीत ते शेवटचे ठिकाण चारिन होते. आधी सरोवरे आणि परतताना कॅन्यन हा क्रम मुळात चुकीचा नाही, कारण चारिनचा फाटा अल्माटी आणि साती यांच्या दरम्यानच लागतो आणि संध्याकाळच्या तिरप्या उन्हात ते तांबडे कडे खरोखर पाहण्यासारखे असतात. परंतु हा क्रम वेळेवर चालणाऱ्या दिवसासाठी आहे, आणि असा दिवस क्वचितच उगवत असावा. पहाटे दोन हॉटेलांवर मंडळी खाली येईपर्यंत थांबावे लागले. शेलेकमध्ये नाश्त्याचा थांबा लांबला. खरा खोळंबा झाला तो सातीमध्ये. कायिंडीचा रस्ता खडबडीत असून वाटेत ओढे ओलांडावे लागतात, त्यामुळे तिथे मिनीबस जात नाही आणि गावात उतरून उंच चाकांच्या जुन्या रशियन बनावटीच्या गाडीत बसावे लागते. या गाड्यांना तिथे सगळे बुखान्का म्हणतात. अल्माटीहून पहाटे निघालेल्या सगळ्या बस साहजिकच थोड्याफार फरकाने एकाच वेळी सातीत पोहोचतात, सगळ्यांना याच गाड्या हव्या असतात आणि मग एका कुंपणाशेजारी, धूळ उडालेल्या अंगणात, गाडी परत येण्याची वाट पाहत माणसे उभी राहतात. आमच्या गाइडने घड्याळ पाहायला तिथेच सुरुवात केली. त्याचा नाइलाज होता हे मला दिसत होते, तरी त्यानंतरचा सगळा दिवस त्या घड्याळाने चालवला.

परिणाम असा झाला की कायिंडीला काठापर्यंत चालत जाऊन फोटो काढेपर्यंत परतण्याची हाक आली, कोलसाईच्या खालच्या सरोवरावर पायऱ्या उतरून एक फेरी झाली आणि चारिनला आम्ही पोहोचलो तेव्हा उजेड उतरणीला लागला होता. चारिनचा जो भाग पाहायला लोक जातात, तो ‘व्हॅली ऑफ कॅसल्स’ नावाचा साधारण तीन किलोमीटरचा पट्टा आहे. कडे वरून पाहणे आणि त्या पट्ट्यातून चालत खाली नदीपर्यंत जाणे हे दोन पूर्णपणे वेगळे अनुभव आहेत. वरून दिसतो तो देखावा. खाली चालताना मात्र गाळाच्या खडकाचे थर डोळ्यांच्या उंचीवर येतात, एका थरात गोटे रुतलेले आणि त्याच्यावरचा थर हाताने खरवडला तर भुगा होईल इतका मऊ असे काहीसे जवळून पाहता येते, आणि शेवटी त्या कोरड्या वाटेच्या टोकाला वेगाने वाहणारी हिरवट नदी व तिच्या काठची झाडे अचानक समोर येतात. जाऊन-येऊन, थोडे बसून, यासाठी निदान दोन तास हवेत. आम्हाला कठड्याजवळ अर्धा तास मिळाला. नदी मी त्या दिवशी पाहिलीच नाही. सहलीच्या कार्यक्रमपत्रिकेत चारिनचे नाव होते आणि आम्ही चारिनला गेलो होतो, तेव्हा तक्रार करण्याजोगे तांत्रिकदृष्ट्या काहीच नव्हते, आणि बहुधा म्हणूनच ते अधिक बोचले.

यावर एक उत्तर असे दिले जाते की काही कंपन्या क्रम उलटा ठेवतात, म्हणजे चारिन आधी आणि सरोवरे नंतर. त्याने कॅन्यनची सोय होते हे मान्य आहे, पण मग तोच उशीर कायिंडीला भोवतो, आणि ओढे ओलांडत येणाऱ्या त्या कच्च्या रस्त्यावर अंधार पडण्याच्या सुमारास असणे मला अधिक अडचणीचे वाटते.

इथे एका गोष्टीची नोंद करणे जरूर आहे, कारण जुनी प्रवासवर्णने वाचून बेत आखणाऱ्यांची तिच्यामुळे फसगत होऊ शकते. 1 मार्च 2024 पासून संपूर्ण कझाकस्तानने एकच प्रमाणवेळ स्वीकारली आणि अल्माटीचे घड्याळ एक तास मागे गेले. आता ते आपल्या घड्याळापेक्षा अर्धा तास मागे असते. त्यामुळे जूनच्या अखेरीसही तिथे साडेसातच्या सुमारास सूर्य मावळतो, आणि ऑक्टोबरच्या मध्यास, जेव्हा पानगळीचे रंग पाहायला पुष्कळ लोक जातात, तेव्हा पाचच्या सुमारासच. एका दिवसाची सहल ज्या महिन्यांत सर्वाधिक सुंदर दिसते, त्याच महिन्यांत तिला उजेड कमी मिळतो. पहाटे मात्र तितकेच लवकर उजाडते, परंतु त्याचा उपयोग पहाटे सरोवराजवळ असणाऱ्यालाच होतो.

दोन दिवसांच्या सहलीत ठिकाणे तीच राहतात, पण त्यांची वाटणी बदलते. आमचा पहिला दिवस चारिन आणि कोलसाई यांना मिळाला, तर दुसऱ्या दिवशीची सकाळ कायिंडीला आणि परतीच्या वाटेवरचा थांबा ब्लॅक कॅन्यन या चारिन नदीच्याच गडद खडकांच्या दरीला. चारिनमध्ये आम्ही सकाळीच उतरलो, ऊन तापण्याच्या आत नदीपर्यंत गेलो, आणि चढ नको असलेल्या आमच्यातील ज्येष्ठांना वर आणणारी गाडीही मिळाली. उन्हाळ्यात जाणाऱ्यांनी हे विशेष लक्षात घ्यावे, कारण त्या पट्ट्यात दुपारी सावली जवळपास नसते. कोलसाईला आम्ही पोहोचलो तेव्हा दिवसाच्या बस परत निघालेल्या होत्या. साधारण 1,800 मीटर उंचीवरचे ते खालचे सरोवर बसमधल्या गर्दीसोबतही मी पाहिले होते आणि तेव्हाही ते सुंदरच होते. पण वारा पडल्यावर, होड्या काठाला लागल्यावर समोरच्या उतारावरचे स्प्रूस पाण्यात जसेच्या तसे दिसू लागतात, हे दुसऱ्या वेळी कळले. सकाळी सातीतून निघाल्यामुळे बुखान्कासाठी थांबावे लागले नाही, आणि अल्माटीच्या बस गावात शिरत होत्या तेव्हा आमची गाडी कायिंडीहून परत येत होती.

याचा अर्थ दुसरा पर्याय निर्दोष आहे असे मुळीच नाही. सातीतील गेस्ट हाउस म्हणजे बहुतेक ठिकाणी गावातल्या कुटुंबाने चालवलेले घर असते. आमच्या वाट्याला आलेले घर स्वच्छ होते, माणसे अतिशय अगत्यशील होती, पण खोल्या एकमेकींना लागून होत्या, स्वच्छतागृह सामायिक होते आणि गरम पाणी ओळीने घ्यावे लागले. उन्हाळ्यातही रात्री चांगलेच गारठते. जेवणाचा प्रश्न शाकाहारी मंडळींनी आधीच सोडवून ठेवावा, कारण तिथे पाहुणचार म्हणजे मांस हे गृहीत असते. आधी कळवले तर बटाटे, कोशिंबीर, अंडी, बावरसाक (तळलेल्या पिठाचे गोळे) आणि भरपूर चहा मिळतो, आणि सोबत घरचा शिधा असला तर कोणी वावगे मानत नाही. खर्च अर्थातच वाढतो. मुक्काम, दोन वेळचे जेवण आणि गाडी-चालकाचा दुसरा दिवस हे सगळे आपल्याच माथी येते, त्यामुळे एकट्याने जाणाऱ्याला ही सहल महाग वाटेल. चार-पाच जणांत ती विभागली की आकडा बराच सुसह्य होतो. दुसऱ्या दिवसाची दुपार मात्र जवळजवळ सगळी परतीच्या प्रवासात जाते आणि ती काहीशी रटाळ असते, हेही सांगितले पाहिजे.

ज्यांना चालण्याची आवड आहे, त्यांच्यासाठी तर तुलना जवळपास संपतेच. कोलसाईचे दुसरे सरोवर साधारण 2,250 मीटर उंचीवर आहे आणि तिथे जाऊन येण्यास बहुतेकांचे पाच-सहा तास मोडतात. तिसरे त्याहून वर, किर्गिझस्तानच्या सीमेच्या बाजूला आहे. एका दिवसाच्या सहलीत दुसऱ्या सरोवराचा विचारही करता येत नाही. दोन दिवसांतही ते करायचे झाल्यास दुसरे काहीतरी सोडावे लागेल, पण निदान काय सोडायचे हे ठरवण्याची मुभा आपल्याकडे राहते. हा सगळा भाग सीमेजवळचा असल्याने पासपोर्ट दोन्ही सहलींत जवळ ठेवावा.

तेव्हा हाताशी दोन दिवस असतील आणि बरोबर दोन-चार माणसे असतील, तर माझा कल सातीच्या मुक्कामाकडे आहे. लहान मुले किंवा वयस्कर मंडळी सोबत असतील तर अधिकच, कारण त्यांना दमवणारी गोष्ट अंतर नसून घाई असते, असे मला आमच्या घरातल्यांकडे पाहून वाटले. एकटे असाल, जून-जुलैमध्ये जात असाल आणि तिन्ही ठिकाणांवर फक्त नजर टाकण्यात समाधान असेल, तर एका दिवसाची सहल वाईट नाही. तसे समाधानी सहप्रवासी माझ्या बसमध्येही होते आणि त्यांचा आनंद खोटा नव्हता. मात्र पैसे भरण्याआधी कंपनीला विचारून घ्यावे की दिवसाचे शेवटचे ठिकाण कोणते आणि उशीर झाल्यास तिथे निदान किती वेळ मिळेल. उत्तर गोलमोल आले तर काय समजायचे ते समजावे.

आणि खरोखरच एकच दिवस हातात असेल, तर माझ्या मते तिन्हींच्या मागे लागण्यापेक्षा सरोवरे सोडून द्यावीत आणि फक्त चारिन व ब्लॅक कॅन्यन यांची सहल घ्यावी. अंतर बरेच कमी होते, सकाळी आरामात निघता येते, नदीपर्यंत उतरता येते आणि रात्रीच्या जेवणाला माणूस अल्माटीत परत असतो. सरोवरे हुकल्याची रुखरुख राहील हे खरे, पण भारतीय पासपोर्टवर तिथे एका वेळी 14 दिवस व्हिसाशिवाय राहता येत असल्याने पुन्हा जाणे तितकेसे अवघड नाही.