आजचा टँकर की उद्याचा पूर: सरकारने पैसा आधी कुठे लावावा?

नाशिक जिल्ह्यात हा प्रश्न वर्षातून दोनदा तरी डोकं वर काढतो. मे महिन्यात पेठ-सुरगाण्याकडून टँकरची मागणी येते. ऑगस्टमध्ये गोदाघाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेला पाणी लागलं की पूररेषेची चर्चा सुरू होते. दोन्हीकडे लागणारा पैसा आपल्याच करातून येतो आणि तो कधीच पुरत नाही. ग्रामसभेत आराखड्याला हात वर करायचा असो, नगरसेवकाकडे मागणी न्यायची असो किंवा मत द्यायचं असो, आपल्याला कौल द्यावा लागतो. समोर दिसतंय ते आधी, की येणार असं जाणकार सांगतात ते आधी? दोन्ही बाजूंचं वजन इथे शेजारी शेजारी मांडतो आहे. माझा कल कुणीकडे आहे, तेही सांगतो.

आजच्या बाजूने काय म्हणता येतं

सह्याद्रीच्या कुशीतले हे तालुके, पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर, इगतपुरी, पावसाळ्यात न्हाऊन निघतात. पण खाली कातळ आणि जमिनीला उतार, त्यामुळे पडलेलं पाणी थांबत नाही. उन्हाळा चढला की कित्येक पाड्यांवरच्या विहिरी तळ गाठतात. मग एखादी बाई विहिरीत उतरते, कातळातल्या झिऱ्यापाशी बसते आणि वाटीने पाणी हंड्यात भरते. वाटी भरायची, ओतायची, झिऱ्यात पुन्हा पाणी साचेपर्यंत थांबायचं. वर काठावर बाकीच्या बाया आपापला हंडा घेऊन उभ्या असतात. त्या बाईला तीस वर्षांनंतरच्या हवामानाचा आराखडा दाखवून थांबायला सांगणं मला अन्यायाचं वाटतं. तहान लागलेला माणूस समोर असताना अजून न जन्मलेल्या माणसाची बाजू घेणाऱ्याने आधी या विहिरीच्या काठावर उभं राहावं.

दुसरा मुद्दा याहून गंभीर आहे, आणि भविष्याची काळजी वाहणारे तो सहसा टाळतात. भाकितं चुकतात, आणि चुकलेल्या भाकिताच्या नावाखाली जिवंत माणसांवर जुलूम होतो. साठ-सत्तरच्या दशकात 'लोकसंख्येचा स्फोट होणार, अन्न पुरणार नाही' ही भीती जगभर होती. तिचा आधार घेऊन आणीबाणीत १९७६-७७ या एका वर्षात देशात ८० लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या, आणि त्यातल्या कितीतरी धाकदपटशाने झाल्या. आपल्या विधिमंडळाने तर १९७६ मध्ये तीन मुलांनंतर नसबंदी सक्तीची करणारं विधेयकच मंजूर केलं होतं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून ते कायद्यात उतरलं नाही. ज्या सामूहिक उपासमारीची भीती घातली गेली ती आलीच नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशाचा एकूण जननदर २.० आणि महाराष्ट्राचा १.७ निघाला. मुलींचं शिक्षण, आरोग्यसेवा, लग्नाचं वाढलेलं वय यांनी हे घडवलं, आणि यातली प्रत्येक गोष्ट म्हणजे त्या-त्या वेळच्या माणसांच्या गरजांवर केलेला खर्च होता.

धरणांचंही तसंच आहे. पुढच्या पिढीसाठी म्हणून जमीन घेतली जाते ती आजच्या शेतकऱ्याची. नाशिक शहराला पाणी देणाऱ्या गंगापूर धरण समूहातल्या कश्यपी धरणाचे धरणग्रस्त आपल्या हक्कासाठी वर्षानुवर्षं आंदोलनं करत आले आहेत. पाणी शहराला मिळालं, वाट बघणं मात्र त्यांच्या वाट्याला आलं.

हिशेब मागणंही आजच्या कामाबाबत सोपं असतं. टँकर आला की नाही, हे अख्ख्या गावाला कळतं. तीस वर्षांनी फळ देणाऱ्या योजनेचा जाब कुणाला विचारायचा?

उद्याच्या बाजूने काय म्हणता येतं

आता गोदाकाठावर या. दुतोंड्या मारुती ही नाशिककरांची पूर मोजायची पट्टी आहे. गुडघ्याला पाणी, कमरेला पाणी, गळ्याला पाणी असं ऐकलं की माणूस समजायचं ते समजतो. १९ सप्टेंबर २००८ च्या महापुरात पाणी सराफ बाजार, भांडी बाजारात घुसलं. २०१६ च्या आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये पुन्हा तोच अनुभव आला. गंगापूरचा विसर्ग वाढल्याची बातमी आली की काठावरचा दुकानदार खालच्या फळीवरचा माल पोटमाळ्यावर चढवतो, वजनकाटा आणि चोपड्या घरी हलवतो, शटर ओढतो आणि पुलावर जाऊन पाण्याकडे बघत उभा राहतो. पूर ओसरल्यावर फावड्याने गाळ ओढायचा, भिंतीला आलेली ओल उन्हाने वाळायची वाट पाहायची. पंचनामा होतो, मदत कधी मिळते, कधी नाही.

नदीलगत दोन रेषा आखलेल्या असतात. निळी रेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. लोक याचा अर्थ 'एकदा येऊन गेला, आता पंचवीस वर्षं निवांत' असा लावतात. तसं नाही. निळ्या रेषेपर्यंत पाणी येण्याची शक्यता दर वर्षी ४ टक्के, लाल रेषेपर्यंत १ टक्का. तीस वर्षांच्या गृहकर्जाच्या मुदतीत निदान एकदा निळी रेषा गाठली जाण्याची शक्यता सुमारे ७१ टक्के निघते, आणि लाल रेषेची सुमारे २६ टक्के. म्हणजे ज्याला आपण भविष्यातलं संकट म्हणतो ते त्या घराचे हप्ते फिटायच्या आत दारात येण्याचीच शक्यता जास्त. फक्त तारीख माहीत नसते.

काही संकटं तर इतक्या हळू येतात की त्यांची बातमीच होत नाही. गंगापूर धरण १९६५ मध्ये पूर्ण झालं. तेव्हाची क्षमता सुमारे ७२०० दशलक्ष घनफूट, आज धरली जाते ५६३० दशलक्ष घनफूट. मधलं पाणी गाळाने खाल्लं. दर पावसाळ्यात थोडा गाळ आला आणि एकाही वर्षी कुणी मोर्चा काढला नाही. एवढं पाणी आज नव्याने साठवायचं तर नवं धरण हवं, नवी जमीन हवी, नवे धरणग्रस्त आले. वेळच्या वेळी पाणलोटातली माती धरून ठेवली असती, तर ते काम यापेक्षा कितीतरी स्वस्तात झालं असतं.

पूर्वतयारी फळते याचा पुरावा ओडिशात आहे. १९९९ च्या महाचक्रीवादळात तिथे सुमारे दहा हजार माणसं गेली. त्यानंतर निवारे बांधले, सूचना देण्याची व्यवस्था उभारली, गावोगाव माणसं तयार केली. २०१३ मध्ये फायलिन हे तसंच प्रचंड वादळ आलं तेव्हा मृतांचा आकडा पन्नाशीच्या आत राहिला. पण असा खर्च मतपेटीत दिसत नाही. अमेरिकेतल्या निवडणुकांचा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात आढळलं की आपत्तीनंतर मिळालेल्या मदतीला मतदार दाद देतात, आपत्तीआधीच्या तयारीला देत नाहीत, आणि तयारीवरचा एक डॉलर पुढचं सुमारे पंधरा डॉलरचं नुकसान टाळतो. आपल्याकडे चित्र वेगळं असेल असं मला वाटत नाही. मदतीच्या धनादेशाचा फोटो छापून येतो. जो पूर घरात शिरलाच नाही त्याचा फोटो कसा काढणार?

व्याजदरात लपलेला निर्णय

सरकारी प्रकल्पाचा नफा-तोटा काढताना उद्याचा रुपया आजच्या रुपयापेक्षा हलका धरतात. किती हलका, यावर सगळा खेळ आहे. पन्नास वर्षांनी पुराने होणारं १०० कोटींचं नुकसान वर्षाला ८ टक्के दराने आजच्या भावात आणलं तर जेमतेम २ कोटी १३ लाख भरतं. दर २ टक्के धरला तर तेच ३७ कोटींच्या वर जातं. नदी तीच, पूर तोच, पण एका दराने पूर अडवणारी भिंत परवडत नाही आणि दुसऱ्या दराने ती आजच बांधावी लागते. हा आकडा कुणी आणि का निवडला, हे अहवालाच्या पानांत शोधावं लागतं. प्रकल्पावर मत बनवायचं असेल तर मी सगळ्यात आधी तेच पान उघडेन.

'आज' तरी कुणाचा?

कांद्याने हे आपल्याला नीट शिकवलं आहे. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राने निर्यातबंदी केली ती शहरातल्या ग्राहकाला आज कांदा स्वस्त मिळावा म्हणून. लासलगावच्या बाजार समितीत ट्रॅक्टर घेऊन उभ्या असलेल्या शेतकऱ्यालाही 'आज' होताच, त्याचा विचार मागे पडला. मे २०२४ मध्ये बंदी उठली, तोवर बाहेरच्या गिऱ्हाइकाला दुसरीकडून माल घ्यायची सवय लागायला वाव मिळाला होता. तेव्हा 'सध्याचा प्रश्न आधी' असं कुणी म्हणालं की प्रश्न कुणाचा, हे विचारावं. ज्याचा आवाज मोठा त्याचाच आज मोठा ठरतो, आणि सुरगाण्याच्या पाड्याचा आवाज मुंबईपर्यंत पोचत नाही.

दोन्ही साधतं तेव्हा

१९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्राने रोजगार हमीची कामं काढली आणि पुढे १९७७ मध्ये त्याचा कायदा केला. हाताला काम, घरात भाकरी, आणि त्याच मजुरीतून पाझर तलाव, नालाबांध, रस्ते. नुसती खडी फोडण्यात गेलेले दिवसही खूप होते, हे नाकारायचं कारण नाही. पण जिथे कामाची निवड नीट झाली तिथे त्या हलाखीतल्या मजुरीने पुढच्या उन्हाळ्याचं पाणी अडवलं.

धरणाचे अभियंते हाच पेच दर पावसाळ्यात सोडवतात. धरण लवकर भरून घेतलं तर उन्हाळ्याची काळजी मिटते, पण ऑगस्टमध्ये जोराचा पाऊस झाला तर येणाऱ्या पाण्याला जागा राहत नाही. रिकामं ठेवलं आणि पाऊस गेला, तर शहर तहानेलं राहतं. म्हणून परिचालन सूची असते. कोणत्या तारखेला किती साठा ठेवायचा ते ठरलेलं असतं, आणि पावसाळा सरता सरता धरण भरत न्यायचं असतं. मला सरकारी पैशाचीही अशीच लिहून ठेवलेली वाटणी हवी आहे. पंधराव्या वित्त आयोगाने एक पाऊल टाकलं: २०२१ ते २०२६ साठी राज्यांच्या आपत्ती निधीतला २० टक्के वाटा धोका कमी करण्याच्या कामांसाठी वेगळा काढला. उरलेले ८० टक्के मदत, पुनर्बांधणी आणि सज्जतेसाठी. हा वाटा वेगळा काढला नसता तर दरवर्षीच्या पंचनाम्यांनी सगळाच निधी संपवला असता.

सिंहस्थाची तर तारीखही बारा वर्षं आधी ठाऊक असते. २७ ऑगस्ट २००३ ला रामकुंडाकडे जाणाऱ्या अरुंद रस्त्यावर चेंगराचेंगरीत ३९ भाविक गेले. त्यानंतर २०१५ साठी नवे घाट बांधले, गर्दीचे मार्ग बदलले. पण २०२७ च्या तयारीत तपोवनातली झाडं तोडण्याचा प्रस्ताव आला आणि २०२५ च्या अखेरीस नाशिककर रस्त्यावर उतरले. उद्याच्या गर्दीसाठी परवाची सावली द्यायची का, हा त्यांचा सवाल रास्त होता. बारा वर्षं हातात असताना झाडांना धक्का न लावता जागा शोधायला वेळ पुरेसा होता.

मग कौल कुणीकडे?

पिण्याचं पाणी, अन्न, औषध यांवर वाद नको. ते आजच. त्याच्या पुढे मात्र मी उद्याच्या बाजूला झुकतो, विशेषतः जे एकदा गेलं की परत येत नाही त्याबाबतीत: नदीचं पात्र, जुनी झाडं, धरणातली साठवण. रस्त्याचं डांबर दोन वर्षं उशिरा पडलं तरी पडतं. पूररेषेत उभी राहिलेली इमारत मात्र कुणी पाडत नाही. आणि भविष्याच्या नावाखाली कुणाच्या शरीरावर, जमिनीवर सक्ती होत असेल तर माझा कौल विरोधात, भाकीत कितीही पक्कं असलं तरी.

टँकरची गरज तपासायची एक रीत आहे. गावाच्या ग्रामसभेत गेल्या पाच वर्षांची टँकरची यादी मागा. एखाद्याच वर्षी गावाचं नाव असेल तर ती अडचण आहे, टँकर पाठवा. पाचही वर्षं असेल, तर टँकर चालू ठेवूनच विहीर पुनर्भरण आणि साठवण टाकीचं काम त्याच आराखड्यात घ्या, असा ठराव लिहून घ्या आणि तो इतिवृत्तात आला का ते स्वतः वाचून बघा. शहरात नदीजवळ दुकान किंवा फ्लॅट घ्यायचा विचार असेल तर बयाणा देण्याआधी महापालिकेच्या नगररचना विभागात जाऊन त्या गट नंबरवरून निळी आणि लाल रेषा कुठून जाते ते पाहून घ्या.